रुमाल टाकलेली जागा

माणूस रानटी अवस्थेतून बाहेर पडला तो शेती करू लागला म्हणून नव्हे, चाकामुळे नव्हे, लिपीमुळे तर मुळीच नव्हे. ज्या दिवशी एकाने मोकळ्या जागेवर आपलं फडकं टाकलं आणि दुसऱ्याने, अंगात जोर असून, पायांत गोळे आलेले असून आणि फडक्याचा मालक नजरेच्या टप्प्यात नसून, ती जागा मुकाट्याने सोडून दिली, त्या दिवशी संस्कृती जन्माला आली. हा सिद्धान्त डॉ. दादासाहेब मारकड यांना बारामतीच्या एसटी स्टँडवर, इंदापूर गाडीच्या खिडकीतून रुमाल आत टाकताना सुचला. आणि खिडकीपासून दारापर्यंत, दारातून गर्दीच्या रेट्याने आत, असं करत ते आपल्या बाकापाशी पोचेपर्यंत टिकला. तिथे एक मुलगी बसली होती. कानांत कापसाच्या बोंडांसारखी दोन पांढरी यंत्रं, मांडीवर लॅपटॉपची बॅग. दादासाहेबांना पाहून तिने एक बोंड काढलं, बाजूला ठेवलेला रुमाल उचलून नीट घडी घातली आणि तो त्यांच्यापुढे धरत अत्यंत गोड आवाजात विचारलं, “काका, हा तुमचा का? पडला होता इथं.”

पडला होता. दादासाहेबांनी रुमाल घेतला, सवयीने थँक्यूही म्हणाले, आणि वरचा दांडा धरून उभे राहिले. गाडी हलली, स्टँडच्या फाटकातून बाहेर पडताना नेहमीच्या खड्ड्यात नेहमीसारखी बसली आणि उठली. राग यायला हवा होता. रांगेत घुसणाऱ्यांवर, मोठ्याने फोनवर बोलणाऱ्यांवर, वर्गात जांभई देणाऱ्यांवर तो त्यांना वेळच्या वेळी यायचा. इथे आलाच नाही. त्याऐवजी बरगड्यांच्या खाली काहीतरी हललं, किंचित गुदगुल्या केल्यासारखं. पित्त असावं असं त्यांना वाटलं. त्यांनी खिशातली गोळी चाचपलीसुद्धा. मग काटेवाडीच्या अलीकडे कुठेतरी लक्षात आलं की हे पित्त नव्हे, हे कुतूहल आहे. इतक्या वर्षांनी आलं होतं की ओळख पटायला वेळ लागला. आयुष्यात त्यांनी शेकडो रुमाल टाकले होते: शाळेला जाताना, विद्यापीठात पीएचडीचं मार्गदर्शन घ्यायला जाताना, लग्न झाल्यावर कौसल्याबाईंना मोरगावच्या गणपतीला नेताना तर दोन. एकही रुमाल कधी परत आला नव्हता. म्हणजे प्रत्येक रुमालापाशी जाऊन त्यांनी तो स्वतः उचलला होता आणि खाली जागा जशीच्या तशी, गार, वाट बघत असलेली. आणि आज एका मुलीने तो घडी घालून हातात दिला. त्यात उद्धटपणाचा अंश नव्हता, हेच तर विलक्षण होतं. तिने नियम मोडलाच नव्हता. तिच्या लेखी नियम नव्हताच. नुसतं कापड होतं.

पलीकडच्या बाकावर निमगाव केतकीची एक म्हातारी रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसली होती. साखरबाई तिचं नाव. ते कंडक्टरने तिकीट देताना घेतलं होतं आणि सगळ्या गाडीला माहीत झालं होतं. तिला हा सगळा प्रकार सहन होईना. “अगं बाय माझे,” ती पुढे झुकून मुलीला म्हणाली, “पडला न्हवता त्यो. टाकला हुता त्यांनी.”

“टाकला? कशाला?”

“जागा धराया.”

मुलीने आधी रुमालाकडे पाहिलं, मग दादासाहेबांकडे. “म्हणजे रुमालाचं रिझर्व्हेशन होतं?”

“रुमालाचं कुठं रिझर्वेशन आसतं व्हय? रुमालच रिझर्वेशन.”

“पण मग सगळेच टाकतील की. मी दहा रुमाल टाकीन.”

“टाकशील, पर बसशील कितीवर?” साखरबाईने विचारलं, आणि मागच्या बाकावरचे दोघेजण हसले. मुलीने कंडक्टरकडे दाद मागितली. कंडक्टरने तिकिटाच्या यंत्रातून मान वर न काढता सांगितलं, “ताई, हा इषय माझ्याकडं आणायचा न्हाय. माझ्याकडं फकस्त तिकीट. शिटाचं तुमी पब्लिकनं बघायचं.” तेव्हा ती गोंधळून उठायला लागली. दादासाहेब घाईने म्हणाले, “बस बस, बाळ. मला उभंच राहायचंय.” हे त्यांच्या तोंडून निघालं आणि खरंही होतं. बसलं तर ते गुदगुल्यांसारखं काहीतरी दबेल अशी त्यांना भीती वाटली. मुलगी बसली. आपलं नाव सृष्टी, पुण्याची, इंदापूरला मावशीकडे चाललेय, एसटीत अशी बुकिंग न करता पहिल्यांदाच बसतेय, एवढं सगळं एका दमात सांगून ती म्हणाली, “सॉरी हं काका. पण तुम्हाला कधी वाटलं नाही विचारावंसं? नुसतं कापड बघून लोक जागा का सोडतात?”

“नाही,” दादासाहेब म्हणाले. चर्चासत्रांतून त्यांनी पुष्कळ उत्तरं दिली होती, त्यांत इतकं लहान एकही नव्हतं.

वास्तविक विचारणं हाच त्यांचा धंदा. बारामतीच्या त्यांच्या कॉलेजात जिमखान्याशेजारी, फुटक्या कॅरमबोर्डांच्या पलीकडे एक खोली आहे; तिच्यावर ‘संशोधन साहाय्य कक्ष’ अशी पाटी आहे आणि आत दादासाहेब. दुसऱ्यांच्या संशोधनाला पैसे कुठून मिळतील ते शोधून द्यायचं, हे काम त्यांच्याकडे एका बैठकीत ते पाणी प्यायला बाहेर गेले असताना आलं आणि मग राहिलंच. त्यात ते इतके तरबेज झाले की विद्यार्थी त्यांना पाठीमागे ग्रँटसर म्हणत. कोणत्या संस्थेला काय आवडतं ते त्यांना सोयरीक जमवणाऱ्यासारखं पाठ होतं: कुणाला पाणी आवडतं, कुणाला महिला, कुणाला पाणी आणि महिला एकत्र, एका परदेशी संस्थेला काहीही चालतं, फक्त त्याला ‘लवचीक’ म्हणावं लागतं. माधवी मॅडम त्यांच्याकडे हुलग्याच्या पिकावर काम करायचंय म्हणून आल्या, तेव्हा दादासाहेबांनी तो साधा गरीब हुलगा हवामानबदलाच्या मांडवात असा सजवून उभा केला की मॅडम दोनदा जर्मनीला जाऊन आल्या. येताना त्यांनी कक्षासाठी चॉकलेटं आणली. प्राचार्य दर वर्षी स्नेहसंमेलनात “मारकडसर म्हणजे आपला कल्पवृक्ष” असं म्हणत आणि दादासाहेब खाली मान घालून हसत. कल्पवृक्षाला स्वतःला काय हवंय, असं झाडाला कुणी विचारतं का? विचारलं होतं एकीनेच. कौसल्याबाई एकदा ताट वाढता वाढता म्हणाल्या होत्या, “सगळ्यांना मिळवून देता. तुमचं काय हाय का न्हाय, जे तुमाला बघायचंय?” तेव्हा त्यांनी भात मागितला होता.

म्हणून या वर्षी त्यांनी एका संशोधन फेलोशिपसाठी स्वतःचा अर्ज केला. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये ते निवृत्त होणार. ही फेलोशिप सेवेत असलेल्यांनाच होती. वर्षभर पूर्ण रजा, कुठेही जा, काहीही वाचा, कुणालाही भेटा. यंदा नाही तर कधीच नाही, हे उघड होतं. आणि तरीही अर्जात त्यांनी सवयीचं तेच लिहिलं. ‘नीरा डाव्या कालव्यावरील पाणीवापर संस्थांमधील समावेशक व लवचीक सहभागाची शाश्वत प्रतिमाने’. हे शीर्षक त्यांना अर्ध्या तासात सुचलं होतं आणि त्यात अर्थ सोडून सगळं होतं. संस्थेला ते आवडलं. आवडणारच, संस्थेच्या आवडीचा नमुना घेऊनच शिवलेलं होतं. आता निवड समितीच्या एक सदस्य, डॉ. राजलक्ष्मी तुळपुळे, सोलापूरहून पुण्याला जाताना इंदापूरच्या विश्रामगृहात थांबून त्यांना भेटणार होत्या. प्राचार्यांनी पाहुण्यांसाठी शाल आणि नारळ बरोबर दिला होता. “मॅडमचा सत्कार करा आधी. मग बोला. सत्कार झालेला माणूस नाही म्हणत नाही.” तो नारळ दादासाहेबांच्या खांद्यावरच्या पिशवीत होता आणि गाडीच्या प्रत्येक वळणाला त्यांना बरगडीत ढोसत होता, बरोबर त्याच ठिकाणी, जिथे ते मघाचं हललं होतं.

भवानीनगरला उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी अडकली. दोन ट्रॉल्या, वर गाणं, पुढच्या माणसाला मागच्या जगाचा पत्ता नाही. दांड्याला लोंबकळता लोंबकळता दादासाहेबांना घोंगडं दिसलं. समोर नव्हे, आत, फार मागे. काळं, कडेला पांढरी दोरी असलेलं, मेंढरांचा उबट वास येणारं घोंगडं, मोकळ्या पडीक रानात अंथरलेलं, वर एक दगड. त्यांचे वडील, म्हस्कूआबा, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाटाकडे निघायचे. मुक्कामाच्या जागेवर मेंढरं पोचायच्या आत आबा एकटे पुढे जायचे, रान बघायचे, बांधावरून दोन्ही हात मागे बांधून एक चक्कर मारायचे आणि घोंगडं टाकून परत यायचे. दुसरे कळप त्याच वाटेने असायचे, त्यांनाही तेच रान हवं असायचं, तिथे पाणी जवळ असायचं. पण येऊन बघावं तर घोंगडं तसंच. शाळेला सुट्टी म्हणून बरोबर गेलेल्या दादूने एकदा विचारलं होतं, “आबा, मागनं दुसरा आला आन् त्यानं घोंगडं बाजूला सारलं तर?”

“सारत न्हाईत.”

“पर समजा सारलं तर?”

“आरं सारत न्हाईत म्हंजी सारत न्हाईत.”

“पर का?”

आबांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं होतं की जणू त्याने रान का आडवं असतं असं विचारलं आहे. मग ते म्हणाले, “तुला लई काम न्हाई दिसत. जा, ती लंगडी मेंढी वळव.” आणि दादू गेला होता. ती मेंढी भलतीच चपळ निघाली, तीन पायांची असूनही, ओढ्यापर्यंत पळाली. तिला घेऊन परत येईपर्यंत प्रश्न मागे राहिला होता, कुठल्या तरी काट्याला अडकलेल्या लोकरीसारखा. पुढचं सगळं शिक्षण, नोकरी, नेट-सेट, रिफ्रेशर कोर्स, मूल्यांकन समितीसमोरची फाइलींची मिरवणूक, हे सगळं त्या लंगड्या मेंढीच्या मागे धावण्यातच गेलं की काय, असं त्यांना वाटून गेलं, आणि ते एकटेच हसले. सृष्टीने वर पाहिलं. “काय झालं काका?”

“काही नाही. मेंढी आठवली.”

तिने हे उत्तर शांतपणे स्वीकारलं. साखरबाईने मात्र कपाळाला हात लावला.

आता एकामागून एक सगळं आठवू लागलं. पूर्वी एकदा याच रस्त्यावरच्या गाडीत एकाने गडबडीत रुमाल सापडेना म्हणून खिडकीतून चप्पल टाकली होती. आत आल्यावर भांडण. चपलेने जागा धरता येते का? सगळी गाडी न्यायालय झाली. एक म्हणाला, “चप्पल पायातली, तिचा मान ठिवायचा का?” दुसरा म्हणाला, “रुमाल तरी नाकाचाच न्हवं का?” शेवटी मागून एका वयस्क माणसाने निकाल दिला की एक चप्पल म्हणजे अर्धा हक्क, जोडी टाकली असती तर पूर्ण, आणि खरोखर ते दोघे त्या एका जागेवर अर्धे अर्धे बसून इंदापूरपर्यंत गेले, एकमेकांशी एक शब्द न बोलता, पण धक्का बसला की एकमेकांना सावरत. दादासाहेबांनी ते स्वतः पाहिलं होतं. तेव्हा ते तरुण व्याख्याते होते आणि मांडीवर सामाजिक संस्थांच्या उगमावरचं जाड इंग्रजी पुस्तक होतं. पुस्तक वाचता यावं म्हणून त्यांनी वैतागून मान फिरवली होती. वर्तमानपत्राचं तर याहून न्यारं. त्याने जागा धरता येत नाही. लोक ते उचलतात, चाळायला लागतात आणि वाचता वाचता बसतात. का? कापडात असं काय आहे जे कागदात नाही? आणि हा हक्क किती वेळ टिकतो? गाडी सुटेपर्यंत? कंडक्टर येईपर्यंत? रुमालाचा मालक मेलाच तर? दादासाहेबांना घाम फुटला. त्यांनी त्याच रुमालाने तो पुसला आणि पुसता पुसता त्यांना दिसलं की कक्षाच्या त्या खोलीत बसून आपण आजवर हेच केलं: दुसऱ्यांसाठी खिडकीतून रुमाल टाकले. जागा चांगल्या मिळाल्या, माणसं बसली, गाड्या जर्मनीपर्यंत गेल्या. आपण खालीच.

जंक्शन नावाच्या फाट्यावर बरीच माणसं उतरली. दादासाहेबांच्या शेजारचा, दाराजवळचा बाक रिकामा झाला. ते बसणार एवढ्यात खिडकीतून एक हात आला, मनगटाला लाल दोरा, आणि बाकावर टॉवेल पडला. दादासाहेब आपोआप मागे सरले. मग भान येऊन त्यांनी स्वतःच्या सरण्याकडे पाहिलं. कुणी सांगितलं? पाय कुणाचे? मालकाचं तोंडही दिसलं नव्हतं. तेवढ्यात पुढच्या दाराने एक धट्टाकट्टा, पांढऱ्या शर्टातला गडी चढला, रिकामा बाक बघून सरळ त्याच्याकडे आला, टॉवेल न बघता किंवा बघून न बघितल्यासारखं करून बसायला वाकला, आणि खणखणीत आवाज आला:

“ओ! दिसत नाही का? टॉवेल टाकलाय तिथं!”

सृष्टी होती. दोन्ही बोंडं हातात, मान ताठ. गडी अर्धवट वाकलेला तसाच थांबला, “बरं बरं, ताई,” म्हणाला आणि मागे जाऊन उभा राहिला. साखरबाईचा चेहरा सुनेला पहिली भाकरी टम्म फुगलेली जमावी तसा झाला. सृष्टीला मात्र आपल्याच आवाजाचं आश्चर्य वाटत होतं. दादासाहेब वाकून, जवळजवळ कुजबुजत म्हणाले, “का सांगितलंस तू त्याला? तुझं काय जात होतं?”

ती विचारात पडली. खरोखरच विचारात पडली. हे त्यांनी वर्गात फार क्वचित पाहिलं होतं. “काय माहीत,” ती म्हणाली. “टॉवेल होता ना.”

टॉवेल होता ना. बारामती ते जंक्शन! एवढ्या अंतरात एक नियम एका माणसात शिरला होता, म्हातारीच्या दोन वाक्यांपलीकडे कुणी शिकवला नव्हता, परीक्षा घेतली नव्हती, आणि आता तो तिच्या तोंडून दुसऱ्यावर ओरडतही होता. अंथुर्णे गेलं, शेळगाव गेलं. बाहेर कुठे ऊस, कुठे डाळिंब, कुठे नुसतंच तापलेलं आभाळ. दादासाहेबांना काही दिसलं नाही. निमगावला साखरबाई उतरताना त्यांच्या दंडाला हात लावून म्हणाली, “बसा आता मास्तर, माझी जागा घ्या. हिला रुमालबिमाल काय नगं.” ते बसले नाहीत. टॉवेलचा मालक आला होता, बसला होता आणि घोरत होता. ते त्याच्याकडे एखाद्या दुर्मीळ पक्ष्याकडे पाहावं तसे पाहत होते.

इंदापूरच्या स्टँडवर उतरताना सृष्टी “बाय काका, बेस्ट ऑफ लक” म्हणाली. कशासाठी ते तिला ठाऊक नव्हतं. दादासाहेबांनी विश्रामगृहाचा रस्ता धरला तेवढ्यात फोन आला. राजलक्ष्मीबाई स्टँडच्या कँटीनमध्येच बसल्या होत्या. त्याही एसटीनेच आल्या होत्या आणि एसटीनेच पुढे जाणार होत्या. बुटक्या, सत्तरीकडे झुकलेल्या, सुती साडी, पायांत बूट, गुडघ्याला पट्टा. समोर चहा आणि ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा. शाल काढावी की नारळ, या विचारात दादासाहेबांचा हात पिशवीत असतानाच त्या म्हणाल्या, “मारकडसर, बसा. प्रस्ताव वाचला मी. कालव्याबद्दल तुम्हाला काय काय माहीत आहे ते समजलं. आता काय माहीत नाही, ते सांगा.”

असा प्रश्न कोणत्याही अर्जात नसतो. दादासाहेबांना सगळ्या संस्थांचे सगळे रकाने पाठ होते. उद्दिष्टं, पद्धती, फलनिष्पत्ती, सगळ्यांची उत्तरं त्यांच्या जिभेवर तयार उभी होती आणि त्यांतलं एकही या प्रश्नाचं नव्हतं. कालव्याबद्दल त्यांना पुष्कळ माहीत नव्हतं. पण जे माहीत नव्हतं त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं. त्यांनी कपाळ पुसायला रुमाल काढला, पुसलं, आणि रुमाल हातात तसाच धरून त्याच्याकडे पाहत राहिले.

“हे माहीत नाही,” ते म्हणाले.

आणि मग ते बोलले. कसे बोलले ते त्यांना पुढे कधीच नीट आठवलं नाही. घोंगड्यापासून सुरुवात झाली की चपलेपासून, हेही नाही. अर्ध्या हक्काचा निकाल सांगताना ते बाकावर स्वतः अर्धे सरकून बसले. कागद आणि कापड यांचा भेद सांगताना त्यांनी शेजारच्या टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं आणि तिथला माणूस “वाचतोय हो मी” म्हणाला. पहिला रुमाल कुणी टाकला असेल आणि तो पाहून न बसलेला पहिला माणूस कोण, कारण खरा थोर तो दुसराच. शहरातून आलेली मुलगी नियम कधी शिकते, भवानीनगरला की लासुर्ण्याला. आणि सगळीकडे सीटवर नंबर आले, फोनवर बुकिंग आलं की हा नियम मरेल, का दुसरीकडे कुठे जाऊन राहील. तो मरायच्या आत कुणीतरी बघायला नको का? आवाज चढला होता, मराठीत गावची बोली मिसळली होती, आणि एकदा तर ते चक्क “सारत न्हाईत!” असं म्हणून टेबलावर हात आपटते झाले. चहावर साय धरली. राजलक्ष्मीबाई बिस्किट बुडवत होत्या, त्याच्याकडे बारीक लक्ष ठेवून, ते तुटायच्या नेमक्या आधी बाहेर काढत होत्या. चेहऱ्यावर काही नाही. मध्ये फक्त एकदा त्यांनी विचारलं, “लेडीज सीटवर पुरुषाने टाकलेला रुमाल चालतो का?”

“माहीत नाही!” दादासाहेब म्हणाले, एखादं बक्षीस मिळाल्यासारखे.

बाईंनी पुड्याचं तोंड दुमडलं. “हे पाहा. तुमच्या कालव्याचं समितीत जवळजवळ पक्कं आहे. मी फक्त माणूस खरोखर आहे का, एवढंच बघायला आले होते. आजकाल नुसते प्रस्तावच येतात. तुम्ही हो म्हणालात तर येत्या जूनपासून रजा. मंजुरीनंतर विषय बदलता येत नाही. हे रुमालाचं करायचं असेल तर कालवा आज मागे घ्यायचा आणि हे नव्याने समितीपुढे जाईल. आणि समितीत बाकीचे सगळे विमानाने फिरणारे आहेत. त्यांच्या सीटवर नंबर असतो. हसतील. तुमचं हे शेवटचं वर्ष ना?”

“हो.”

“मग कालवा करा आणि फावल्या वेळात रुमाल बघा. पुष्कळ जण तसंच करतात.”

सल्ला उत्तम होता. कक्षात समोर दुसरा कुणी बसला असता तर दादासाहेबांनी त्याला शब्दशः हाच दिला असता. त्यांनी डोळे मिटले. प्राचार्य हार घेऊन उभे असलेले दिसले, स्टाफरूममधले पेढे दिसले, ‘लवचीक सहभाग’ असं शीर्षक असलेलं, कुणीही न उघडलेलं जाड पुस्तक दिसलं. फावला वेळही दिसला. ओढ्याकडे पळत चाललेला, तीन पायांवर, भलताच चपळ. मग मोकळ्या रानात ते काळं घोंगडं, वर दगड. आसपास कुणी नाही. अजून कुणी सारलेलं नाही. इतकी वर्षं.

त्यांनी फोन काढला. एका बोटाने, चष्मा कपाळावर ढकलून, संस्थेला लिहिलं की कालव्याचा प्रस्ताव मी मागे घेत आहे. विद्यार्थ्यांना ते नेहमी सांगत की असलं काही पाठवायच्या आधी तीनदा वाचा, एक रात्र जाऊ द्या. त्यांनी एकदाही वाचलं नाही. फोनमधून सूं करून आवाज आला, आणि मेल गेलं. आपण काय केलं हे कौसल्याबाईंना सांगताना भात मागायचा नाही, एवढं त्यांनी ठरवलं.

“गेलं,” ते म्हणाले.

“गेलं?” बाईंनी चष्मा काढला. पहिल्यांदाच त्या त्यांच्याकडे नीट, बराच वेळ, जणू बिस्किट बघत असाव्यात तशा बारकाईने पाहत राहिल्या. दादासाहेब पुढे झुकले. आता एक वाक्य येणार होतं. होकार नको होता त्यांना, आश्वासन नको होतं. पण उभं आयुष्य संशोधनात काढलेली एक बाई हा प्रश्न चांगला आहे की खुळा, एवढं सांगणार होती, आणि आबांनी जे सांगितलं नव्हतं ते आज, या माशा बसलेल्या टेबलापाशी, कुणीतरी सांगणार होतं. बाईंनी तोंड उघडलं. त्याच क्षणी इंदापूर–स्वारगेट गाडी मागे मागे येत फलाटाला लागली आणि सगळा स्टँड उठून तिच्याकडे धावला. पोरं, पिशव्या, गाठोडी, म्हाताऱ्या, सगळं. खिडक्यांखाली हातांचं रान उगवलं. राजलक्ष्मीबाई टेबलाचा आधार घेत उठल्या, गुडघा धरून दोन पावलं टाकली, गाडीकडे पाहिलं, खिडक्यांच्या उंचीकडे पाहिलं, आणि वळल्या.

“मारकडसर,” त्या म्हणाल्या, “तेवढा तुमचा रुमाल टाका हो त्या तिसऱ्या खिडकीतून. माझा हात पुरत नाही. ओला असला तरी चालेल.”